चमकी आडवी बसली पाहिजे: खानदेशच्या उन्हात फ्लेकचा रंग

मोटारसायकलच्या टाकीवर चमकी (फ्लेक) मारून हवी म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच हिशेब असतो: चमकी जास्त, तर झळाळी जास्त. हा हिशेब चुकतो. चमकीचा प्रत्येक कण म्हणजे एक छोटा सपाट आरसा असतो. तो पत्र्याला समांतर, आडवा पडला तर उजेड थेट डोळ्यात येतो. उभा किंवा तिरका राहिला तर उजेड भलतीकडे जातो आणि आपल्याला दिसते ती फक्त कणाची काळपट कड. म्हणून वाटीभर चमकी ओतूनही निम्मी उभी राहिली तर रंग झळाळत नाही, मळकट आणि खरखरीत दिसतो. उलट निम्म्याच चमकीत सगळे कण आडवे बसले, वर पुरेसं क्लिअर (पारदर्शक थर) आलं, तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तीच टाकी पेटल्यासारखी दिसते. नोझल, थिनर, हवेचा दाब, कोटांमधली मिनिटं, सकाळची वेळ या सगळ्याचा विचार कण आडवा बसावा आणि आडवाच राहावा यासाठीच करायचा.

पुडीत नेमकं काय आहे

बाजारात 'चमकी' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी हातात येतात आणि त्यांचं वागणं अजिबात सारखं नाही.

पहिली मेटॅलिक. हे ॲल्युमिनियमचे अगदी बारीक पापुद्रे असतात आणि ते रंगातच मिसळलेले येतात. कंपनीतून येणाऱ्या चंदेरी गाड्यांवर असतात ते हेच. दुसरी पर्ल. ही अभ्रकाची पूड असते आणि अभ्रकाच्या प्रत्येक पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तिसरी खरी फ्लेक, म्हणजे लांबूनही एकेक कण वेगळा लुकलुकताना दिसतो ती. ही पॉलिस्टर फिल्मपासून बनते. फिल्मवर निर्वातात ॲल्युमिनियमचा थर देतात, त्यावर रंगाचा थर चढवतात आणि मग फिल्म बारीक षटकोनात कापतात. षटकोन अशासाठी की ते एकमेकांना लागून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही.

फ्लेकचा आकार पुडीवर इंचाच्या हजाराव्या भागात लिहिलेला असतो. ००४ म्हणजे साधारण १०० मायक्रॉन, ००८ म्हणजे २०० आणि ०१५ म्हणजे जवळपास ४००. मोटारसायकलची टाकी, हेल्मेट, साइड पॅनल यांना ००८ सगळ्यात शोभते. ०१५ चा कण मोठा. तो रिक्षाच्या टपावर किंवा बँडच्या गाडीवर रात्रीच्या दिव्यांत छान उठतो, पण टाकीवर तो ओबडधोबड वाटतो आणि त्याला बुडवायला दीडपट क्लिअर लागतं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ००८ पासून सुरुवात करावी.

पुडी घेतल्यावर पहिलं काम म्हणजे परीक्षा. स्टेशनरीच्या दुकानातली, राखी नि रांगोळीसाठी विकतात ती चमकी दिसायला अगदी अशीच असते, पण ती थिनर सहन करत नाही. काचेच्या लहान बाटलीत दोन बोटं टू-के थिनर (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रंगाचं थिनर) घ्या, त्यात चिमूटभर चमकी टाका, झाकण लावा आणि चोवीस तास ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी बाटली उन्हाकडे धरा. थिनर पाण्यासारखं स्वच्छ आणि कण सपाट असतील तर माल गाडीचा आहे. थिनरला गुलाबी किंवा निळी झाक आली, कण वळून नळीसारखे झाले किंवा रंग उडून नुसते चंदेरी उरले, तर ती पुडी परत करा. ही परीक्षा टाळून काम केलं तर लाल चमकीचा रंग क्लिअरमध्ये उतरतो. पांढऱ्या पट्ट्याशेजारी तो गुलाबी ओघळासारखा दिसतो, आणि तेव्हा सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत घासण्यावाचून इलाज नसतो.

खालचा बेस

पुट्टी, प्रायमर, सरफेसर हे नेहमीचंच, त्यावर वेगळं लिहीत नाही. एवढंच सांगतो की चमकीच्या रंगाखाली पुट्टीचा खड्डा लपत नाही. कण खड्ड्याच्या उताराप्रमाणे तिरके बसतात आणि बरोबर त्या जागी काळा ढग दिसतो. सरफेसर ८०० च्या पाणीपेपरने (पाणी लावून वापरायच्या घासपेपरने) घासून एकसारखा करा आणि पाण्याचा हात फिरवून तिरप्या उजेडात बघा.

बेसचा रंग ठरवताना मात्र थांबून विचार करावा, कारण चमकी किती लागणार ते तिथेच ठरतं. चंदेरी चमकीखाली चंदेरी बेस, लाल चमकीखाली लाल बेस, सोनेरीखाली सोनेरी असा जोड लावला तर कणांमधली फट डोळ्याला दिसत नाही आणि तीन कोटांत काम भागतं. काळ्या बेसवर चंदेरी चमकी मारली तर चांदण्यांचं आभाळ दिसतं. तेही सुंदरच, पण तिथे चमकी मुद्दाम विरळ ठेवायची असते. काळ्यावर पूर्ण भरून चंदेरी करायला गेलं तर सहा-सात कोट मारूनही कुठेतरी काळं डोकावतंच आणि थर नको इतका जाड होतो.

टाकीचं काम असेल तर पेट्रोल काढून टाका, कॉक काढा आणि तोंड आतून-बाहेरून बंद करा. नुसती वरून टेप पुरत नाही. तोंडात कापडाचा बोळा, त्यावर प्लास्टिक, त्यावर टेप असं करा. चमकीचे चार कण टाकीत गेले की ते पेट्रोलच्या फिल्टरपर्यंत पोचतात, आणि गाडी महिनाभराने बंद पडली तर रंगावर संशय कुणाचा जात नाही.

मिश्रण आणि गन

चमकी कोरडी मारत नाहीत, ती पारदर्शक द्रवातून मारतात. तो द्रव दोन प्रकारचा घेता येतो. एक म्हणजे बेसकोटचा बाइंडर, म्हणजे रंग नसलेला बेस. तो लवकर वाळतो, वाळताना आकसतो आणि आकसताना कणांना खाली ओढून आडवं पाडतो. दुसरा टू-के क्लिअर. त्याचा थर भरपूर चढतो, पण तो उशिरा वाळतो आणि टाकीच्या उतारावर कणांसकट ओघळू शकतो. ००८ साठी आमची पसंती बाइंडरला, ०१५ साठी टू-के क्लिअरला. बाइंडरमध्ये मारलं तर डब्यावर दिलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत, वर क्लिअर गेलंच पाहिजे. मुदत उलटली की दोन थरांची पकड सुटते आणि सहा महिन्यांनी क्लिअर पापडासारखं निघतं.

प्रमाण वजनकाट्यावर मोजा. किराणा दुकानात मसाल्यासाठी वापरतात तसा एक ग्रॅमचा काटा पुरतो. मारायला तयार अशा एक लिटर मिश्रणात १५ ते २० ग्रॅम चमकी घातली तर हलकी लुकलुक येते, मूळ रंग वरचढ राहतो. पूर्ण भरलेली टाकी हवी असेल आणि खाली जुळता बेस असेल तर ८० ते १०० ग्रॅम. एका साध्या शंभर सीसीच्या गाडीच्या टाकीला तीन कोटांत साधारण ३५० मिली मिश्रण लागतं, म्हणजे ३० ते ३५ ग्रॅम चमकी. तेवढ्यावर आणखी दहा ग्रॅम वजन करून बाजूला ठेवा. ती का, ते शेवटी.

मिश्रणाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाइंडर आणि थिनर एकत्र करून गाळणीतून गाळून घ्या, चमकी त्यानंतर घाला. उलट केलं तर चमकी गाळणीतच राहते. फवारणीच्या गनच्या कपाखाली जाळीचा फिल्टर असेल तर तोही काढून टाका. थिनर नेहमीपेक्षा दहा टक्के जास्त घाला, म्हणजे पत्र्यावर पडल्यावर कणाला आडवं व्हायला क्षणभर वेळ मिळतो.

नोझल ००८ ला १.८ ते २ मिमी, ०१५ ला २.५ मिमी. रोजच्या १.३ च्या गनमधून ००८ कधी निघते, कधी अडकते, आणि अडकलेली चमकी सुटली की एकदम थुंकल्यासारखा गोळा पडतो. दाब गनच्या मुठीशी २० ते २५ पीएसआय. जास्त दाबाने कण आपटून उडतात आणि निम्मी चमकी शेडच्या भिंतीवर जाते. अंतर आठ ते दहा इंच.

चमकी जड असते, दोन मिनिटांत कपाच्या तळाशी बसते. म्हणून कप अर्धाच भरा आणि त्यात स्टीलच्या स्वच्छ बेअरिंगच्या दोन गोळ्या टाका. गोळ्या कपाच्या तळातल्या भोकापेक्षा मोठ्या हव्यात, नाहीतर भोकच बंद होईल. दर दोन पट्ट्यांनंतर गन मनगटातून हलवा. गोळ्यांचा खुळखुळ आवाज आला की चमकी वर आली. आवाज बोथट झाला तर तळाशी गाळ धरलाय, कप उघडून काडीने ढवळा.

आता हात. पहिल्याच कोटात झाकून टाकायचा मोह आवरा. टाकीच्या कडा, खालची बाजू आणि तोंडाभोवतीची खाच आधी मारून घ्या, कारण सपाट वरच्या भागावर चमकी आपोआप जास्त पडते आणि कडा उपाशी राहतात. मग आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर तीन चतुर्थांश चढलेला. रोजच्या रंगाला निम्मा चढवतो, चमकीला तेवढा पुरत नाही, पट्टे दिसतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. दुसरा कोट उभ्या पट्ट्यांनी. पुन्हा थांबा, टॉर्च कडेने धरून बघा, विरळ जागा मनात टिपा. तिसरा कोट हलका: गन बारा-चौदा इंचांवर न्या, हात थोडा वेगाने चालवा आणि चमकी वरून भुरभुरल्यासारखी पडू द्या. आधीच्या कोटात जे ढग जमले असतील ते हा कोट मिटवतो.

चमकीचा थर वाळल्यावर तळहाताला नवा रबरी मोजा घालून पृष्ठभागावरून अगदी हलका हात फिरवा. उभे राहिलेले, सुटे कण मोज्याला लागून येतील. ते हवेने उडवून द्या. मात्र इथे पेपर लावू नका. रंगीत चमकीचा रंग कणाच्या वरच्या थरातच असतो. पेपरने तो थर खरवडला की खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि लाल टाकीवर पांढरे ठिपके उठतात. ते कशानेच झाकत नाहीत.

आपल्याकडची हवा

थंड प्रदेशातल्या माणसाने लिहिलेली कृती भुसावळला जशीच्या तशी चालत नाही. डब्यावरच्या वेळा बहुतेक वेळा २० अंश धरून दिलेल्या असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. हार्डनर मिसळलेल्या क्लिअरची मुदत तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मी होते. म्हणजे २० अंशांना चार तास टिकणारं क्लिअर ४० ला तासाभरात कपातच घट्ट व्हायला लागतं. चमकीच्या बाबतीत याहून वाईट गोष्ट आधी घडते. थेंब गनपासून पत्र्यापर्यंत येताना निम्मा वाळतो, कण पत्र्यावर पडतो तेव्हा त्याच्याभोवती ओल नसते, त्यामुळे तो पडला तसाच चिकटतो. आडवा व्हायला त्याला वेळच मिळत नाही. टाकी सँडपेपरसारखी लागते.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. थिनर आणि हार्डनर दोन्ही 'स्लो' घ्या. काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळातच करा. आणि हवा किती तापली यापेक्षा पत्रा किती तापला ते मोजा. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त मिळतो. टाकीचा पत्रा ३५ अंशांच्या वर असेल तर गनला हात लावू नका. पत्र्याच्या शेडमध्ये आदल्या संध्याकाळी टाकलेली टाकी रात्रभर निवते, तीच सकाळी घ्या. दुपारी दोनला उन्हातून उचललेली टाकी हाताला चटका देते, ओल्या फडक्याने पुसून ती आतून थंड होत नाही.

गोची अशी की लग्नसराई आणि अखाजी (अक्षय्य तृतीया) याच दिवसांत येते. नेमकी तेव्हाच नवी झळाळी सगळ्यांना हवी असते. ज्याला अखाजीला गाडी सजवून हवी आहे त्याने होळीच्या आधी टाकी आणून द्यावी, हे सांगायला संकोचू नये. घाईचं काम उन्हाळ्यात सगळ्यात जास्त बिघडतं.

हिवाळा या कामाला उत्तम, पण त्याचेही दोन काटे आहेत. धुळे-जळगावकडे पहाटेचा पारा कधी दहाच्याही खाली उतरतो. तेव्हा पहाटे मारलेलं क्लिअर ओघळतं आणि हार्डनर जागचा हलत नाही. म्हणून थंडीत काम सकाळी दहा ते दुपारी तीन. दुसरा काटा कापसाचा. वेचणीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि ओल्या क्लिअरवर एक तंतू बसला तरी केसासारखा दिसतो. शेडला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावा, जमिनीवर पाणी शिंपडा, अंगात सुती बनियन किंवा स्वेटर नको. पाण्याने मातीची धूळही बसते. काळ्या जमिनीची धूळ पिठासारखी बारीक असते, साध्या झाडूने ती नुसती हवेत उठते.

पावसाळ्यात शत्रू पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीत ते जमतं, नळीतून येतं आणि क्लिअरवर मोत्यासारखे खड्डे पाडतं. तळाचा कॉक दर तासाला उघडून पाणी सोडा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका. किमान २५ फूट नळीनंतर लावा, म्हणजे हवा निवते, वाफेचं पाणी होतं आणि मगच ते फिल्टरमध्ये अडकतं. तापलेल्या हवेतली वाफ फिल्टरमधून सरळ पार होते.

आणि वीज. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर हार्डनर त्याआधी मिसळूच नका. चमकीचा दुसरा कोट अर्धा झाला आणि वीज गेली तर कपातली चमकी तळाला, टाकी अर्धी वाळलेली, आणि वीज आल्यावर जोडाची रेघ कायमची दिसते.

क्लिअर: खरा खर्च इथे

चमकीचे कण एकमेकांवर चढून बसलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग डोंगरदऱ्यांचा असतो. क्लिअरचं काम त्या दऱ्या भरून वर काचेसारखी सपाटी आणणं. हे एका दमात होत नाही. तीनपेक्षा जास्त जाड कोट एकाच वेळी चढवले तर खालचं थिनर अडकतं, वरची साय आधी धरते आणि मग थिनर साय फोडून बाहेर येतं. टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं दिसतात. म्हणून दोन फेऱ्या.

पहिल्या फेरीत तीन कोट, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. बोटाने मास्किंग टेपवरचं क्लिअर दाबून बघा. तार निघाली तर थांबा, नुसता ठसा उमटला तर पुढचा कोट मारा. मग टाकी रात्रभर सावलीत. दुसऱ्या दिवशी ऊन दाखवायला हरकत नाही, आपलं ऊन इथे फुकटची भट्टी आहे. पण मारल्याबरोबर उन्हात ठेवली तर तीच भोकं पडतील.

शक्य असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत एक आठवडा जाऊ द्या. क्लिअर आठ-दहा दिवस आकसत राहतं आणि आकसताना कणांमधल्या दऱ्यांत खाली बसतं. दुसऱ्याच दिवशी घासून, दुसरी फेरी मारून, पॉलिश करून दिलेली टाकी काचेसारखी जाते आणि पंधरा दिवसांनी संत्र्याच्या सालीसारखी होऊन परत येते. गिऱ्हाईक म्हणतं पॉलिश उतरलं. पॉलिश उतरत नाही, क्लिअर बसतं.

मधलं घासणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. ६०० चा पाणीपेपर, मऊ रबरी ठोकळा, पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण. घासताना डोळे टाकीवर नव्हे, पाण्यावर ठेवा. पाणी दुधाळ येतंय तोवर तुम्ही क्लिअर घासताय. त्या दुधात एक जरी कण चमकला किंवा रंगाची झाक आली, तर हात तिथेच थांबवा, कारण पेपर चमकीला लागलाय. पुसून घ्या. घासलेला भाग मंद दिसेल आणि खोलगट जागा चकाकत्या ठिपक्यांसारख्या राहतील. सगळे ठिपके पहिल्याच वेळी घालवायचा हट्ट करू नका. थोडे राहू द्या, दुसरी फेरी त्यांना भरते. कडांवर ठोकळा नको, बोटही नको, नुसती ग्रे स्कॉचब्राइट (मऊ तंतूंची घासणी) फिरवा. तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतं आणि तिथेच चमकी सगळ्यात आधी उघडी पडते.

चमकी बुडाली की नाही ते डोळ्यापेक्षा नखाला लवकर कळतं. टाकी धुऊन कोरडी करा, डोळे मिटा आणि नखाची कड आडवी धरून पृष्ठभागावरून वजन न देता ओढा. नख काचेवरून सरकावं तसं सरकलं तर बुडाली. बारीक करकर लागली तर आणखी एक फेरी लागणार. दुसऱ्या फेरीत दोन ते तीन कोट, दोन दिवस थांबून १५००, २०००, ३००० पेपर आणि मग बफिंग. बफ एकाच जागी टेकवून ठेवू नका, विशेषतः कडेवर.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. चमकीचं काम सहज त्याच्या तिप्पट जातं. जाड थराला दगड लागला की मोठा टवका उडतो. म्हणून पुढच्या मडगार्डच्या टोकाला आणि इंजिनाच्या उष्णतेजवळच्या भागांना भरगच्च चमकी देऊ नये. तिथे मेटॅलिक किंवा पर्लच बरं.

पर्ल आणि कँडी, थोडक्यात

पर्लचा रंग अभ्रकावरच्या थराच्या जाडीतून येतो, त्यात रंगद्रव्य असेलच असं नाही. थर वाढत गेला की चंदेरी, सोनेरी, लाल, निळा, हिरवा असे रंग त्या क्रमाने उमटतात, साबणाच्या फुग्यावर उमटतात तसेच. म्हणूनच पांढरी दिसणारी पर्लची पूड काळ्या बेसवर निळी उठते आणि पांढऱ्यावर जेमतेम जाणवते. एक लिटर बाइंडरला २० ते २५ ग्रॅम पुरे. आधी थोड्या थिनरमध्ये कालवून पेस्ट करा, मग बाकीचं घाला, नाहीतर गुठळ्या राहतात. पर्लला १.३-१.४ चं नेहमीचं नोझल चालतं आणि ती गाळणीतूनही जाते. ज्याला झळाळी हवी आहे पण सहा कोट क्लिअरचा खर्च नको, त्याला आम्ही पर्लच सुचवतो.

कँडी म्हणजे चंदेरी चमकीवर पारदर्शक रंगाचे पातळ कोट. प्रत्येक कोटाला रंग गडद होतो, म्हणून कोट मोजून मारायचे आणि त्याच दिवशी एका पत्र्याच्या तुकड्यावरही तेवढेच मारून ठेवायचे. डायवर (विरघळणाऱ्या रंगावर) बनलेली लाल आणि जांभळी कँडी उन्हात फिकी पडते. दिवसभर शेताच्या बांधावर उभी राहणारी गाडी असेल तर वर यूव्ही रोखणारं क्लिअर घ्या, किंवा सरळ रंगीत चमकी मारा आणि कँडी सोडून द्या.

छातीसाठी, नाल्यासाठी, आरसीसाठी

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की दम्यासारखा आजार जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही झटका येतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा बागायतदार (गळ्यातला मोठा रुमाल) याला काहीही अडवत नाही, आणि धुळीचा साधा मास्कही नाही. सेंद्रिय वाफा आणि फवाऱ्याचे बारीक थेंब दोन्ही रोखणाऱ्या काडतुसांचा मास्क घ्या, दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे ध्यानात ठेवा, आणि काडतुसं वेळेवर बदला. शेडमध्ये हवा खेळती ठेवायला पंखा बाहेरच्या दिशेने लावा. काम चालू असताना पोरांना आत फिरकू देऊ नका.

चमकी म्हणजे प्लास्टिक. गन धुतलेलं थिनर आणि घासलेलं पाणी नाल्यात सोडलं की ते गिरणेत, तापीत जातं आणि कुजत नाही. थिनर डब्यात साठवा, चमकी तळाला बसू द्या, वरचं निवळलेलं थिनर पुढच्या धुण्याला वापरा. घासलेलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळा. चमकीची गन वेगळीच ठेवा. कितीही धुतली तरी एखादा कण आत राहतो आणि महिन्याने कुणाच्या तरी पांढऱ्या बोनेटवर लाल होऊन उतरतो.

गाडीचा मूळ रंग आरसीवर लिहिलेला असतो. रंग बदलत असेल तर एमएच-१९, १८ किंवा ३९, ज्या आरटीओची गाडी असेल तिथे नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला नियमानेच चालत नाही, तो मागणाऱ्याला आधीच नाही म्हणा.

पहिला महिनाभर मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नये, झाकण घालून गाडी उन्हात ठेवू नये. बोअरच्या पाण्याने धुतली तर लगेच पुसावी. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं असतं, उन्हात त्याचे पांढरे डाग नव्या क्लिअरमध्ये उतरतात.

आणि ती बाजूला ठेवलेली दहा ग्रॅम चमकी. चमकीच्या रंगाला ठिगळ लावता येत नाही, ओरखडा गेला तर अख्खा भाग पुन्हा करावा लागतो, आणि दोन वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेल याची खात्री नसते. घट्ट झाकणाच्या बाटलीत ती चमकी भरा. बाटलीला चिठ्ठी चिकटवा: बेसचा कोड, चमकीचा आकार, लिटरला किती ग्रॅम, किती कोट, कोणतं नोझल, कोणतं थिनर, कोणत्या महिन्यात मारलं. बाटली गाडीच्या मालकाकडे द्या आणि ती आरसीच्या पाकिटाबरोबर कपाटात ठेवायला सांगा.